पाय पाहून अंथरूण

पत्र

मी ५१ वर्षांची, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहते. मासे पकडायचं वेड लहानपणापासूनचं. मालवणला आजोबांबरोबर खाडीवर गरी टाकून बसायचे. इथे आल्यावर ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाची गोडी लागली. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं आणि एक मित्र असे सिएरा नेवाडाच्या डोंगरात ११,००० फुटांवरच्या कॉटनवुड लेक्सला, तिथल्या गोल्डन ट्राउटसाठी गेलो होतो. स्लीपिंग बॅग २० डिग्री फॅरनहाइटची, खाली घरातली योगा मॅट. रात्रभर पाठीत गारठा भरला आणि कुशीवर वळले की खुब्याचं हाड टोचत होतं. पहाटे तळ्यात मासे वर येत होते आणि मी तंबूत कंबर धरून पडलेली. नवरा म्हणतो, बॅग बदल. मित्र म्हणतो, फोमचीच मॅट घे, कारण त्याचं दोनशे डॉलरचं हवेचं पॅड मध्यरात्री चपटं झालं. मी एक खुर्ची न्यावी का विचारलं तर दोघंही हसले. यंदा ऑगस्टअखेर तीन रात्री तिथेच राहायचं आहे. काय घेऊ, काय नको? आणि आम्हा दोघांत मिळून एक डबल पॅड घेतलं तर?
— खुब्याला जपणारी

उत्तर

ताई,

बॅग बदलू नका. तिच्यावर उगाच आळ आलाय.

स्लीपिंग बॅगची ऊब तिच्या फुगीरपणात असते. आतल्या पिसांमध्ये किंवा धाग्यांमध्ये जी हवा अडकून राहते ती आपल्याला गरम ठेवते. आपण आडवे झालो की अंगाखालचा भाग दबतो, हवा निघून जाते आणि तेवढ्या भागात बॅग असून नसल्यासारखी होते. मग रात्रभर जमीन तुमच्या पाठीतून ऊब ओढून घेते. वरून कितीही पांघरा, खालचा गारठा थांबत नाही. त्यातून बॅगेवरचा तो २० डिग्रीचा आकडा ज्या चाचणीतून येतो, त्या चाचणीत बॅगेत झोपवलेल्या पुतळ्याखाली चांगली उबदार मॅट घातलेली असते. म्हणजे खाली योगा मॅट असेल तर तो आकडा तुम्हाला लागूच होत नाही. शिवाय पुष्कळ बॅगांवर छापलेला आकडा ‘कशीबशी रात्र निघेल’ या मर्यादेचा असतो, आरामाचा आकडा त्याच्या दहाएक डिग्री वर असतो. आतल्या लेबलवर ‘कम्फर्ट’ म्हणून वेगळा आकडा दिलाय का ते बघा. तो ३०-३२ च्या आसपास असेल तर ऑगस्टमध्ये कॉटनवुडला, जिथे पहाटे पारा गोठणबिंदूपर्यंत उतरू शकतो, तुमची बॅग काम देईल. अट एकच, खालचं अंथरूण तसं हवं.

योगा मॅटचा दोष नाही, तिचं काम पाय घसरू न देणं. ती आता घरी राहू दे.

पॅड घेताना बघायचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू. जमिनीकडे जाणारी ऊब पॅड किती अडवतं त्याचं हे माप. आकडा जितका मोठा तितका अडसर जास्त. २०२० पासून बहुतेक मोठ्या कंपन्या एकाच पद्धतीने, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणाने, हे मोजतात. त्याआधी ज्याची त्याची पद्धत होती, त्यामुळे गराजमध्ये कुणाचं जुनं पॅड पडलं असेल तर त्याच्यावरच्या आकड्याची आजच्या आकड्याशी तुलना करू नका. दुसरी सोयीची गोष्ट म्हणजे ही सरळ बेरीज आहे. २ चं फोम पॅड आणि त्यावर ४.५ चं हवेचं पॅड घातलं की ६.५.

तुम्हाला किती हवं? धडधाकट, अंगात उष्णता असलेल्या माणसाचं सिएरातल्या उन्हाळ्यात ३ मध्ये भागतं. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्यांतल्या दिसत नाही, आणि एकंदरीतच बायकांना झोपेत थंडी जास्त वाजते. बॅगा बनवणाऱ्यांनीही ते धरूनच आकडे लावलेले असतात. ११,००० फुटांवर तुम्ही ४.५ च्या खाली जाऊ नका.

आता मित्राच्या फोमकडे येते. त्याचं एक म्हणणं अगदी खरं आहे: बंद पेशींच्या फोमची घडीची मॅट कधी फुटत नाही. हुक लागो, काटा लागो, फार तर एक भोक पडेल आणि ती तशीच काम करत राहील. पन्नास-साठ डॉलरला मिळते, वजन पाऊण-एक पौंड, दुपारी तळ्याकाठी उलगडून बसायलाही चालते. पण थर्मारेस्टची झेड लाइट सोल किंवा निमोची स्विचबॅक घ्या, आर-व्हॅल्यू २ आणि जाडी पाऊण इंच किंवा जराशी जास्त. पाठीवर झोपणाऱ्या पंचविशीतल्या पोराला ती पुरते. कुशीवर झोपणाऱ्या पन्नाशीतल्या बाईच्या खुब्याला पाऊण इंचात काय होणार? कुशीवर झोपलं की सगळा भार खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतो, आणि तेवढा खड्डा सामावून घ्यायला अडीच-तीन इंच जाडी लागतेच.

म्हणून तुमच्यासाठी हवेचं पॅड. तीन इंच जाड, आणि रुंदी २५ इंच. रुंदीच्या बाबतीत कंजुषी करू नका. नेहमीचं पॅड २० इंचांचं असतं. पाठीवर झोपलं की हाताची कोपरं बाहेर, कुशीवर झोपलं की गुडघे बाहेर. रुंद पॅडला तीन-चार औंस जास्त पडतात, तेवढ्यासाठी मन मोठं करा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे संसाराला ठीक आहे. इथे पाय पाहून अंथरूण घ्यायचं. लांबीही बघा, उंची पाच फूट चार इंच असेल तर उगाच साडेसहा फुटी पॅड वाहून नेऊ नका. काही कंपन्या छोटी लांबी आणि मोठी रुंदी असा मेळ देतात.

नावं हवीत तर थर्मारेस्टचं निओएअर एक्सलाइट एनएक्सटी (आर-व्हॅल्यू ४.५) आणि निमोचं टेन्सर ऑल-सीझन (५.४) या दोन्हींची रुंद आवृत्ती एक पौंडाच्या आगेमागे बसते. किंमत मात्र दोनशे डॉलरच्या घरात किंवा वर. थर्मारेस्टच्याच एक्सथर्मचा ७.३ चा आकडा दुकानदार दाखवेल, पण ते बर्फातल्या लोकांसाठी आहे. दुकानात नुसतं दाबून बघू नका. जमिनीवर अंथरायला सांगा आणि दहा मिनिटं कुशीवर पडून राहा, लोक बघतील तर बघू देत. काही पॅडच्या आत उष्णता परतवणारे चकचकीत थर असतात, ते वळताना चुरचुरतात. नव्या पॅडचा आवाज पूर्वीपेक्षा बराच कमी झालाय, पण तुमची किंवा शेजाऱ्याची झोप सावध असेल तर ऐकून घ्या. एकदम दोनशे डॉलर घालायचे नसतील तर आरईआय या कॅम्पिंगच्या सामानाच्या साखळीच्या काही दुकानांत पॅड भाड्यानेही मिळतं, एखादा शनिवार-रविवार जवळच्या कॅम्पग्राउंडवर झोपून बघा.

हवा भरायचीही एक रीत आहे. तोंडाने फुंकू नका. ११,००० फुटांवर दिवसभर चालून आल्यावर फुंकत बसलात तर घेरी येईल, आणि श्वासातला ओलावा आत जाऊन साचतो तो वेगळाच. पॅडबरोबर हवा भरायची पिशवी येते, ती वापरा. पॅड आधी गच्च फुगवा. मग कुशीवर झोपून झडप जराशी उघडा आणि हवा हळूहळू सोडत जा. खांदा आत रुतेल, कंबर सैल पडेल. आता खुब्याखाली हात घालून बघा: जमीन आणि हाड यांत दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. तिथे झडप बंद करा. बहुतेक लोक पॅड गच्चच ठेवतात, रात्रभर त्यावरून घरंगळतात आणि सकाळी पॅडला शिव्या देतात.

मित्राचं पॅड मध्यरात्री चपटं झालं, त्याची दोन कारणं असू शकतात. संध्याकाळी कोमट हवेने भरलेलं पॅड रात्री गारठलं की आतली हवा आकसते आणि ते मऊ पडतं. ते फुटलेलं नसतं. झोपायच्या आधी पुन्हा थोडी हवा भरली की झालं. पण पाठ जमिनीला टेकली असेल तर भोकच असणार. आणि आपण पडलो मासेमार! इतर ट्रेकर काट्याला घाबरतात, आपण तर काटे विकत घेऊन, डबीत घालून तंबूत नेतो. सगळ्यात घातक वस्तू म्हणजे टोपी. दिवसभर बदललेल्या फ्लाय, म्हणजे माशी-किड्यासारखे दिसणारे नकली आमिषाचे हुक, टोपीच्या कडेला खोचून ठेवायच्या आणि संध्याकाळी तंबूत शिरताना टोपी काढून अंथरुणावर भिरकवायची, ही सवय पुष्कळांना असते. टोपी, बनियानासारखं ते खिशांचं जाकीट, फ्लायची डबी आणि रॉड तंबूच्या बाहेर, पावसाच्या छपराखाली राहू द्या. कॉटनवुडला नियमानुसार बिनकाट्याचे हुक वापरावे लागतात, पण टोक त्यांनाही असतंच.

तरीही भोक पडलं तर तळं समोर आहेच. दुरुस्तीचे तुकडे आणि अल्कोहोलचे दोन पुसणे पॅडच्या पिशवीतच ठेवा. पॅड फुगवून काठच्या उथळ पाण्यात एकेक भाग दाबून धरा, बुडबुड्यांची बारीक रांग दिसली की तिथे पेनने गोल करा. मग पूर्ण वाळवून, पुसून, तुकडा लावा. ओल्यावर लावलेला तुकडा तासाभरात सुटतो. हे काम दुपारी करा, रात्री बॅटरीच्या उजेडात जमत नाही. आणि फुगवलेलं पॅड उन्हात टाकून मासे पकडायला जाऊ नका. आतली हवा तापून फुगते, शिवणी सुटतात आणि मधे एक टेंगूळ उभं राहतं. त्याला काही इलाज नाही.

म्हणून माझा सल्ला असा की हवेचं पॅड मुख्य, आणि तिघांत मिळून एक घडीची फोम मॅट. रात्री ती तुमच्या पॅडखाली जाईल. तिथली जमीन ग्रॅनाइटच्या कचीची आहे, वर फॉक्सटेल पाइनच्या शंकूंचा सडा, त्यापासून पॅड वाचेल आणि आर-व्हॅल्यूत दोनची भर पडेल. दिवसा तीच मॅट बैठकीला. कुणाचं पॅड अगदीच गेलं तर तिच्यावर रात्र निभावता येते.

खुर्चीचं. हसू द्यात त्यांना. दीड दिवसात पंधरा मैल तोडायचे असते तर मीही नको म्हटलं असतं. पण तुम्ही पाच-सहा मैल चालून एका ठिकाणी तंबू ठोकणार आणि तीन रात्री तिथेच राहणार. पौंडभराची घडीची खुर्ची त्या मुक्कामात पैसे वसूल करते. कंबर दुखणाऱ्या माणसाला संध्याकाळी पाठ टेकायला मिळणं ही चैन नाही. दिवसभर खडकावर पोक काढून बसल्यावर रात्री कुठलंही पॅड कमीच पडतं. फक्त एक सांगते, खुर्ची एकच नेलीत तर पहिल्या संध्याकाळी हसणारे दोघं तिच्यावर आळीपाळीने बसलेले दिसतील. अस्वलाला जेवण मिळू नये म्हणून जो कडक डबा न्यायचा, जो ही तळी ज्यात येतात त्या इन्यो राष्ट्रीय वनाच्या बऱ्याच भागात सक्तीचाच आहे, तो पालथा घातला की उत्तम स्टूल होतं. त्यांना तो द्या.

आता जे फुकट मिळतं ते. तंबू कुठे लावता यावर अर्धी ऊब अवलंबून असते. तळ्याकाठचं गवताळ मैदान फोटोला छान, पण रात्री थंड हवा उतारावरून सरकत तिथेच येऊन साचते. दव पडतं, तंबू आतून ओला होतो, डास तिथेच. तसंही पाण्यापासून शंभर फूट लांब राहायचा नियम आहेच. त्याहून थोडं वर, झाडांच्या आडोशाला सपाट जागा शोधा. पन्नास-साठ फूट वर गेलं तरी फरक अंगाला कळतो. झोपण्याआधी घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून मांड्यांमध्ये धरा. पायाशी ठेवतात, पण मांड्यांशी ठेवलं तर अंग लवकर तापतं. शेंगदाण्याचा लाडू खाऊन झोपा, अंगात इंधन राहतं. मात्र तो तंबूबाहेर, स्वयंपाकाच्या जागी खायचा. आत कणही नको. उंचीवर आणि थंडीत लघवीला जास्त वेळा लागते. आळसाने दाबून पडू नका, बॅटरी आणि पायांत सरकवायचे क्रॉक्स दाराशी ठेवा. तेच क्रॉक्स संध्याकाळी सुजलेल्या पायांना आराम देतात. वेडर (पाण्यात उतरायची उंच विजार) नेऊ नका, त्या तळ्यांत मासे काठाकाठानेच फिरतात.

उशीसाठी दोन-तीन औंसांची हवेची उशी घ्या आणि तिच्यावर जाकीट गुंडाळा. नुसत्या कपड्यांची उशी मध्यरात्री विस्कटते, आणि कुशीवर झोपणाऱ्याची मान लटकली की दुखणं कमरेपर्यंत उतरतं. दुसरी एखादी पिशवी कपड्यांनी भरून गुडघ्यांत धरा. खुब्याला याने किती उतार पडतो हे घरीच एक रात्र करून बघा.

पण सगळं पॅडवर ढकलू नका. पायथ्याचं लोन पाइन गाव ३,७०० फुटांवर आणि तिथून तासाभराच्या गाडीने तुम्ही १०,००० फुटांवर हॉर्सशू मेडोला, जिथून चालायला सुरुवात होते, पोचता. त्याच दिवशी चालून ११,००० फुटांवर झोपलात तर डोकं जड होणं, श्वास अडखळून जाग येणं हे व्हायचंच. गादीवर झोपलात तरी होईल. एक रात्र हॉर्सशू मेडोच्या कॅम्पग्राउंडवर काढा. तिथे नव्या पॅडची रंगीत तालीमही होईल, आणि काही बिघडलंच तर गाडी हाताशी. रक्तदाबाच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

खाण्याचं थोडक्यात. त्या उंचीवर पाणी सुमारे ८९ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे डाळ-तांदूळ शिजवायच्या फंदात पडू नका, गॅस संपेल आणि डाळ कच्चीच राहील. भाजलेले पातळ पोहे, भाजून नेलेल्या रव्याचा उपमा, आणि झटपट भातावर मेतकूट-तूप. शेकोटीला एवढ्या उंचीवर बंदी आहे, तेव्हा छोटा स्टोव्ह लागेलच. गोल्डन ट्राउट तळायचा मोह होईल, मालवणचं रक्त आहे. नियमात बसत असेल तर एखादा घ्या, हळद-तिखट-मीठ चोळून. पण तंबूपासून लांब, आणि त्याच कपड्यांत झोपू नका. माझं मत विचाराल तर तिथले सोडून द्यावेत. हा कॅलिफोर्नियाचा राज्यमासा, १९४७ पासून. १८७६ मध्ये जवळच्या मल्की क्रीकमधले थोडेसे मासे आणून कॉटनवुड क्रीकमध्ये सोडले, पुढे तिथून ते वरच्या तळ्यांत नेले, आणि तिथल्या अंड्यांवर राज्यातली किती तरी तळी वसवली गेली. आकाराने लहानच असतात. तव्यावर दोन घास, हातात मात्र काय रंग!

डासांसाठी डोक्यावरची जाळी न्या, एक औंसाची. डीट हे औषध असलेलं डासांचं मलम हाताला लावून फ्लाय लाइन (गळाची दोरी) धरू नका, डीट प्लास्टिक विरघळवतं आणि लाइन चिकट होते. त्याऐवजी पिकारिडिन हे औषध असलेलं घ्या. ऑगस्टअखेरीला डास तसेही ओसरलेले असतात.

डबल पॅड? नको. एक वळला की दुसरा उसळतो, एकाला गच्च हवं तर दुसऱ्याला मऊ, आणि भोक पडलं की दोघंही जमिनीवर. शिवाय ते ओझं एकाच्याच पाठीवर. दोन स्वतंत्र पॅड घ्या आणि जोडून झोपायचंच असेल तर दोन पॅड बांधायचे पट्टे दहा-पंधरा डॉलरला मिळतात. नवऱ्याला २० इंची नेहमीचं पॅड चालत असेल तर तेच घेऊ द्या, दोघांची एकसारखी खरेदी कशाला?

परमिट काढलं नसेल तर आधी ते बघा. इन्योची रात्रीच्या मुक्कामाची काही परमिटं सहा महिने आधी आणि उरलेली दोन आठवडे आधी ऑनलाइन खुली होतात. ऑगस्टअखेरीचा शुक्रवार मिळणं कठीण. सोमवार-मंगळवारी निघता आलं तर परमिटही मिळेल आणि झाडांच्या आडोशाची सपाट जागाही. मासेमारीचा परवाना आता खरेदीच्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो, त्यामुळे गेल्या ऑगस्टला काढला असेल तर त्याची तारीख तपासा.